गोधडी भिंतीवर चढते

नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. ते नाव भूगोलाच्या पुस्तकातले आणि पाहुण्यांच्या तोंडचे. आमच्या लेखी ती गंगा. "गंगेवर जाऊन येते" असे सांगून बाहेर पडलेली नाशिककरीण काही काशीला निघालेली नसते. दहीपुलाकडून उतरून थोड्याच वेळात ती घाटावर पोचलेली असते. या गंगेची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. रामकुंडावरची गर्दी, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, नारोशंकराची घंटा, बुधवारचा बाजार, यांच्यावर लिहिणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. पण पितृपंधरवड्याच्या अखेरीस घाटाच्या पायऱ्यांवर जे प्रदर्शन भरत असे, ते बिचारे उपेक्षितच राहिले. ते प्रदर्शन गोधड्यांचे.

घट बसण्यापूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, हा आपल्याकडचा जुना दंडक. चादरी आणि अभ्रे घरी धुता येतात. गोधडीला नदीच हवी. कोरडी असताना ती पोराच्या खांद्यावरही मावते, पण एकदा भिजली की एकटीदुकटीला आवरत नाही. मग एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून आणि मध्ये पिळा. एरवी त्या दोघींनी एकमेकींविरुद्ध पीळ भरला तर घरात कटकट व्हायची. इथे तर तेच करायचे असल्यामुळे काम मोठे सुरेख होई! पिळून झाले की ती पायरीवर पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि ऊन खात बसायचे. त्या वेळी अवघे गाव घाटावर उघडे पडलेले असे. कुणाच्या घरी इरकली लुगडी नेसतात, कुणाकडे खाकी विजारीच फार, कुणाच्या घरी यंदा पाळणा हलला, हे सारे त्या ठिगळांवरून वाचता येई.

आता नदीत धुणे धुऊ नका असे सांगितले जाते, आणि गंगेच्या पाण्याची अवस्था पाहता ते योग्यच आहे. शिवाय गोधड्याही उरल्या नाहीत. धुण्याच्या यंत्राच्या पोटात त्या मावत नाहीत आणि सदनिकेच्या गॅलरीत वाळत नाहीत. मात्र थंडी काही गेलेली नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. पौषात शेजारच्या निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षांच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशा मुलखात माणसाने गोधडीला 'जुनाट' म्हणावे, हे धाडसच!

गोधडी म्हणजे काय, हे निदान आपल्या वाचकांना सांगायला नको. तरी कुणाच्या घरी नव्या पिढीने विचारलेच, तर सांगावे की वर लुगड्याचे तुकडे, खाली लुगड्याचेच अस्तर, मध्ये झिजलेली धोतरे, आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. बस्स. कापूस नाही, लोकर नाही. ऊब असते ती थरांची आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेची. कुठे तिला वाकळ म्हणतात. संस्कृतात कंथा. बंगालात याच कंथेची 'कांथा' झाली आणि तिच्यावर मोर, हत्ती, कमळे उमटली. आपल्या बायकांनी तेवढी हौस केली नाही. त्यांनी चौकोन जोडले, कोपऱ्याला त्रिकोण लावले आणि थंडीच्या आत काम उरकले.

आमच्या घरात अशी एक गोधडी होती. आजेसासूबाईंच्या लुगड्यांची. भांडीबाजाराच्या अंगाला आमचा वाडा होता, तेव्हापासूनची. १९६९ च्या सप्टेंबरातल्या महापुरात गंगा त्या वाड्यात शिरली. नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिकचे पूर मोजायचे माप आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, असे लोक एकमेकांना सांगतात. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता. माझ्या सासूबाई तेव्हा वर्षाच्या आतल्या नव्या सूनबाई. घरातल्या कर्त्यांनी देव आणि कागदपत्रे वर नेली. हिने कुणी न सांगता अंथरुणाची वळकटी उचलली आणि जिना चढली. गोधडीचे एक टोक पाण्यातून ओढत गेले. त्या टोकावर हातभर रुंदीचा तांबूस-करडा डाग पडला, तो पुढे किती नवरात्रांत धुतला तरी निघाला नाही.

वाडा गेला, आम्ही कॉलेज रोडच्या बाजूला सदनिकेत आलो, आणि गोधडी कपाटाच्या माळ्यावर गेली. गेल्या वर्षी ती खाली काढली तेव्हा मधूनमधून विरलेली होती. काय करावे, हा प्रश्न पडला. बोहारणीने ती घेतली नसती. आणि नाशकात, तांब्या-पितळेच्या या गावात, बोहारणीने नाकारलेले वस्त्र म्हणजे सर्व उपयोगांच्या पलीकडे गेलेले वस्त्र. मी सुचवले की तिचा धड भाग काढून एक लहानसा भिंतीवर लावायचा पडदा करावा. दोन फूट बाय दीड फूट. त्यावर घरातल्या डब्यातली जुनी बटणे टाकावीत.

ही बटणांची कल्पना काही माझी नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराचा दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा. दारावर काचेच्या नळ्यांचे तोरण आणि त्यात 'सुस्वागतम्'. भिंतीवर काळ्या मखमलीवर शुभ्र बटणांचा हंस, चौकटीत बसवलेला. तो हंस घरच्या मुलीने लग्नाआधी केलेला असे आणि दाखवायला आलेल्या मंडळींना आवर्जून दाखवला जाई. आमच्याकडच्या लमाणी बायका तर पिढ्यान्पिढ्या आरसे, कवड्या, नाणी यांच्या जोडीला सदऱ्याची बटणेसुद्धा कापडावर टाकीत आल्या आहेत. हंसाच्या चौकटी आता कुठे गेल्या कोण जाणे. मला तो हंस आवडत नसे. त्याची मान नेहमी वाकडी असे. पण बटणे आवडत.

सासूबाईंना मात्र बेत मुळीच पटला नाही.

"भिंतीवर काय लावतात ठाऊक आहे ना? देव, कॅलेंडर आणि गेलेली माणसं," त्या म्हणाल्या. "गोधडी अंगावर घ्यायची असते. आणि बटणं लावलीस की तिच्यावर पुन्हा कुणी निजायचं नाही. टोचतील. तान्ह्या पोराच्या हाती तर देताच यायची नाही. तोडून तोंडात घालील."

बोलणे अगदी नेमके होते. गोधडीच्या तुकड्यावर पहिले बटण बसेपर्यंत तिचे दुपटे होऊ शकते, बैठक होऊ शकते, इरल्यासारखी डोक्यावरून घेता येते. बटण बसले की ती शोभेची झाली. त्यात माझ्या नणंदेच्या मुलीला मार्गशीर्षात दिवस भरत होते, आणि सासूबाईंच्या मनात त्या गोधडीचे दुपटे करायचे होते. तान्ह्या मुलाला नवे कापड लावू नये, घरात झिजून मऊ झालेलेच लावावे, ही त्यांची समजूत. आणि त्या मऊपणाला हात लावून पाहिला की ती खरीही वाटते. धड कापड मात्र थोडे. दोन मागण्या, एक गोधडी.

शेवटी दोघी मिळून पंचवटीत एका मावशींकडे गेलो. या मावशी काळारामाच्या मागल्या अंगाला एका चाळीत राहतात आणि रोजावर गोधड्या शिवतात. वाटेत गाडगे महाराजांच्या नावाचा पूल लागला आणि सासूबाई एकाएकी बोलायच्या थांबल्या. नंतर म्हणाल्या, "ते पण गोधडीच पांघरायचे."

खरेच. आपण त्यांना गाडग्यामुळे ओळखतो. पण अनेक गावी लोक त्यांना गोधडेबुवा किंवा चिंधेबुवा म्हणत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परिटाच्या घरी जन्मलेला हा माणूस. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्यांच्या कुळातला, आणि स्वतःच्या अंगावर चिंध्या जोडून केलेली वाकळ. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा बांधायच्या. नाशकात गंगेकाठी त्यांची धर्मशाळा आहे, तशी पंढरपुरात आहे, आळंदीत आहे. परगावच्या गरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून लाखो रुपये उभे करणारा १९५६ साली गेला, तेव्हा स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे त्याच्यापाशी काही नव्हते.

याच्या उलट टोकाचा एक माणूस लंडनमध्ये होऊन गेला. हेन्री क्रॉफ्ट त्याचे नाव. अनाथालयात वाढलेला आणि धंद्याने रस्ते झाडणारा. तिथल्या हातगाडीवाल्यांमध्ये कपड्यांच्या शिवणीवर शिंपल्याची बटणे टाकायची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गड्याने टोपीपासून विजारीपर्यंत सगळा पोशाखच बटणांनी मढवला. लोक बघायला जमत आणि तो इस्पितळांसाठी, अनाथांसाठी डबा फिरवून पैसे गोळा करी. १९३० साली तो वारला, पण बटणांचे राजे आणि बटणांच्या राण्या लंडनमध्ये अजून आहेत आणि धर्मादायासाठीच फिरतात. हातात झाडू दोघांच्याही. एकाने चिंध्या पांघरल्या, दुसऱ्याने बटणे. आणि लोकांनी दोघांच्याही पदरात पैसे टाकले. हे मी सासूबाईंना पुलावरच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "निजताना काढून ठेवीत असेल ना तो कोट?"

मावशींनी गोधडी जमिनीवर पसरली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि मी पुढे केलेली कात्री बाजूला सारली. "कापायची न्हाय, ताई. आधी उसवायची. कापली की धागं सुटत्यात."

दोन दुपारी नुसते उसवणे चालले. वरचे लुगड्याचे चौकोन निघाले तेव्हा आत दुसरीच एक गोधडी निघाली, अगदी विरलेली. जुनी गोधडी टाकायची नाही, नवीच्या पोटात घालायची, ही रीत. आतल्या एका धोतराचा पन्नाच्या पन्ना फिक्या गुलाबी रंगाचा होता. मी बुचकळ्यात पडले. धोतर कोण रंगवील? सासूबाई हसल्या. "रहाडीतलं दिसतंय."

परगावच्या वाचकांसाठी सांगते. जुन्या नाशकात चौकाचौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशवाईपासूनचे म्हणतात. त्यांना रहाडी म्हणतात. वर्षभर त्या झाकलेल्या असतात आणि वर रहदारी चालते. रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात, पूजा होते आणि मग तरणी पोरे धाडकन उड्या घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तेव्हा आमच्या घरातला कोणी तरी धोतरानिशी उडी घेऊन आला होता, त्याला घरी बोलणी बसली असतील, आणि शेवटी ते धोतर गोधडीच्या अंधारात जाऊन पडले होते. कोण तो, हे सासूबाईंनाही सांगता येईना.

कापड मोजल्यावर वाटणी आपोआप झाली. मधला भाग धड होता, तो दुपट्याला. पायाकडचा, पुराच्या डागाचा भाग बाळाला लावायचा नाही यावर तिघींचे एकमत झाले, आणि तोच माझ्या वाट्याला आला. मी डाग टाळून कापड कसे बसवावे याचा विचार करू लागले, तर मावशी म्हणाल्या, "गंगेचा डाग हाय ना? मग गंगाच काढा की त्याच्यावर."

तशी ती काढली. पण आधी गोधडी. खाली अस्तर, मध्ये त्या गुलाबी धोतराचे दोन थर, वर डागाचे लुगडे, चहूबाजूंनी त्याच लुगड्याच्या काठाची चौकट. सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. कच्चा धागा घालून थर जखडले की कडेपासून आत शिवत जायचे, एका चौकोनाच्या आत दुसरा, ओळीत एक बोट अंतर. मधोमध उरते त्याला मावशी गोधडीचे पोट म्हणतात. ते शिवून बंद करण्याआधी त्यांनी भाकरीचा कणभर तुकडा आत ठेवला. पोट रिकामे ठेवू नये, एवढेच त्याचे कारण त्यांनी दिले. धावदोरा पाहताना सोपा वाटतो. खरी गंमत अशी की टाके ओढले की कापडाला सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि थरांमध्ये हवा धरली जाते. यंत्राच्या शिलाईत कापड सपाट होते आणि ऊब कमी पडते. मावशींचा यंत्रावर राग एवढ्याचसाठी आहे.

मग बटणांचा डबा उघडला. बटण हा आपल्याकडे पाहुणा शब्द. आपल्या जुन्या पोशाखाला त्याची गरजच नव्हती. बाराबंदीला नावाप्रमाणे बंद असत, अंगरख्यालाही बंदच. दोऱ्याची गाठ गुंफून केलेली गुंडी आपली, आणि ती अडकवायचे बिरडेही आपले. कोकणीत पोर्तुगीजांकडून आलेले बुतांव आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले विचारतात, गुंडी म्हणजे पाण्याचे भांडेही ना? दोन्ही खरे, आणि बोहारणीच्या व्यवहारात दोन्ही एकत्र येतात. अंगावरचा सदरा तिला द्यायचा आणि गुंडी घ्यायची. मात्र सदरा देण्याआधी त्याच्या गुंड्या काढून ठेवायच्या, यात कोणतीही गृहिणी चुकत नसे. घराघरांतले बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरले ते असे.

आमच्या डब्यात शिंपल्याची बटणे शंभराच्या वर निघाली. बिहारात मेहसी नावाचे गाव आहे; तिथे नदीतल्या शिंपल्यांतून अशी बटणे कापण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. प्लॅस्टिकने त्याचे कंबरडे मोडले. खऱ्या शिंपल्याचे बटण गालाला लावले की गार लागते, प्लॅस्टिकचे लागत नाही. ही परीक्षा सासूबाईंची. त्यांनी एकेक बटण गालाला लावून दोन ढीग केले. पितळी बटणे सासऱ्यांच्या खाकी कोटाची. ते नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात होते. हा छापखाना १९२५ चा. देशाची टपाल तिकिटे तिथे छापली जातात. कोट केव्हाच गेला होता. सासूबाईंनी ती पाच बटणे वेगळी बांधून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळले.

रामकुंडापाशी गंगा दक्षिणेकडे वळते. तेव्हा शिंपल्याच्या बटणांची ओळ डावीकडून निघाली आणि डागाच्या मध्यावर येऊन खाली वळली. वळणावर एक मोठे बटण, ते रामकुंड. नारोशंकराच्या घंटेला एक पितळी. नऊ शिखरांवरून 'नाशिक' नाव पडले असे एक मत आहे, म्हणून वरच्या कडेला नऊ तपकिरी बटणे. शूर्पणखेच्या नाकावरून पडले असे मानणाऱ्यांनी क्षमा करावी, नाकाच्या आकाराचे बटण डब्यात नव्हते.

जुन्या लुगड्यावर बटण लावणे नाजूक असते. कापड विरलेले, बटण ओढ देते. मावशी बटण नेमके टाक्यांच्या ओळीवर बसवतात, कारण तिथे सारे थर एकत्र धरलेले असतात. आणि पाठीमागे दुसरे लहान बटण लावून दोन्हींतून एकच दोरा नेतात, म्हणजे ओढ कापडावर न पडता बटणावर पडते. उरलेली चार पितळी बटणे त्यांनी खालच्या कडेला लावली. मला वाटले शोभेसाठी. ती वजनासाठी होती. खालून ओझे असले की पडदा सरळ लोंबतो, वाऱ्याने कोपरे वळत नाहीत. मागे पट्टी शिवून तिच्यातून वेळूची काठी घातली आणि काम संपले. अकरा दुपारी लागल्या.

दुपटे त्याआधीच पुण्याला गेले होते. मार्गशीर्षात मुलगी झाली, ती त्यातच निजली.

पडदा दिवाणखान्यात लागला. सासूबाई त्याबद्दल बरे किंवा वाईट काही बोलल्या नाहीत. मात्र आल्यागेल्याला त्या पुढची बाजू दाखवीत नाहीत; खालचा कोपरा उचलून मागची दाखवतात, जिथे गुलाबी धोतराची एक किनार बाहेर डोकावते, आणि हा गृहस्थ कोण असेल यावर पाहुण्यांचे मत घेतात.

आमच्या शिक्षक-खोलीतल्या तिघींनी तो पाहून तसेच पडदे हवे म्हणून सांगितले. मी निरोप घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी मजुरी सांगितली. मागच्या महिन्यात त्याच घरांपैकी एका घरी पूर्ण मापाच्या गोधडीसाठी जी सांगितली होती आणि जास्त वाटली होती, तिच्याहून ती फारशी कमी नव्हती. तिघींपैकी एकीनेही घासाघीस केली नाही. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "अंगावर घ्यायच्या गोधडीला पैसं द्यायचं जिवावर येतं, ताई. भितीवरच्या गोधडीला न्हाय येत." त्यात तक्रार नव्हती. भाव त्यांना कळला होता, इतकेच.

तिन्ही पडदे त्यांनी घेतले आहेत. अट एकच घातली आहे : कापड घरचेच हवे, धुऊन आणायचे, आणि बटणे ज्याची त्याने मोजून द्यायची, उरली तर परत मिळणार नाहीत. थंडी पडायच्या आत मात्र होणार नाहीत, असेही बजावले आहे. चाळीतल्या दोन घरच्या साध्या गोधड्या आधी आहेत.